शिवलेल्या चार चिठ्ठ्या

मंगळवारी सकाळी आठ वाजता हेमलता टिपणीसांचा आकडा एकोणचाळीस झाला. स्वयंपाकघराच्या भिंतीवरचा वहीएवढा पडदा इतके दिवस पिवळा होता, तो तांबडा झाला. चाळीसच्या खाली सलग तिसरा आठवडा.

"बघा," हातातला कप खाली न ठेवताच त्या खिडकीतल्या मनोहररावांच्या फोटोला म्हणाल्या, "चौऱ्याऐंशीव्या वर्षी नापास झाले. तुम्ही असता, तर गावभर पेढे वाटत सुटला असता."

कानातल्या यंत्रानं हे वाक्यही टिपून घेतलं.

ते यंत्र पाच वर्षांपूर्वी प्रांताच्या सरकारनं सत्तरीपुढच्या सगळ्यांना फुकट वाटलं होतं. ऐकू छान यायचं त्यातून. अगदी नदीवरचा बर्फ तडकल्याचा आवाजसुद्धा. तेच यंत्र उलट बाजूनंही ऐकत होतं, हे फॉर्मवर बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं आणि हेमलताबाईंनी चष्मा लावून, नीट वाचून सही केली होती. तेव्हा त्यात वावगं काही नव्हतं. माणूस विसरायला लागण्याच्या कितीतरी आधी त्याची भाषा विरळ होत जाते. वस्तूंची नावं मागं पडतात आणि त्यांच्या जागी 'ते', 'हे', 'अमकं' येतं. नावाआधीचा थांबा लांबतो. पूर्वी दहा शब्दांत पाच गोष्टी सांगून होत, तिथं तीनच होतात. डॉक्टरांच्या हे लक्षात यायला वर्षं जात. यंत्र दिवसभराचं बोलणं ऐकून आठवड्याला एक आकडा काढी. तो तीन आठवडे चाळीसच्या खाली राहिला, की वर्षभरात या माणसाला स्वतःचे निर्णय घेता येणार नाहीत, असं भाकीत निघे, आणि ते शंभरात त्र्याण्णव वेळा खरं ठरे. उरलेल्या सात जणांचं काय, ते कुणी विचारत नसे.

मग तीन वर्षांपूर्वी त्या आकड्यावर कायदा झाला. आकडा उतरलेल्या माणसानं कुठं राहायचं, कुठला डॉक्टर करायचा, कुणाला भेटायचं, हे त्याचा प्रतिनिधी ठरवणार. प्रतिनिधी म्हणजे मुलगा किंवा मुलगी. ती नसतील तर सरकारी अधिकारी. हेमलताबाईंच्या वाट्याची नोटीस दुसऱ्या आठवड्यातच येऊन टेबलावर बरणीखाली दाबलेली होती: तिसऱ्या मंगळवारीही आकडा वर आला नाही, तर त्याच दिवशी नऊ वाजता घरी चौकशी, दुपारी बारापासून हुकूम लागू. बाराला उदयननं, त्यांच्या मुलानं, फोनवर अंगठा लावायचा होता. त्यानं नाही लावला, तर तासाभरानं प्रांताचा अधिकारी लावणार. त्यानंतर एकशे चाळीस किलोमीटरवरच्या निवासात त्यांची खोली तयार होती. बागेकडची खोली, असं उदयननं दोनदा सांगितलं होतं.

हेमलताबाई घाबरल्या नव्हत्या. चौकशी माणूस करणार होतं, यंत्र नव्हे. माणसाला समजावून सांगता येतं, यावर त्यांचा आयुष्यभराचा भरवसा होता.

नऊला दाराची घंटा वाजली. आधी उदयन आला. गावात त्याचं औषधाचं दुकान होतं, अठ्ठावन्न वर्षांचा, केस बापासारखेच पुढून गेलेले. त्याच्यामागं चौकशी अधिकारी, पन्नाशीतली उंच बाई, हातात पाटीसारखा पडदा.

"गुड मॉर्निंग, मिसेस टिप्," ती म्हणाली, आणि हेमलताबाईंना हायसं वाटलं.

"अल्माझ! अगं, तू? बस, बस. चहा टाकते."

"आज चहा नको. सगळं रेकॉर्ड होतंय." अल्माझनं पडद्याकडं बोट दाखवलं आणि नजर खाली घातली.

एरिट्रियातून निघून, तीन देश पार करून अल्माझ या कागद गिरणीच्या गावात आली, तेव्हा बावीस वर्षांची होती. शनिवारी सकाळी वाचनालयाच्या तळघरात नागरिकत्वाच्या परीक्षेचा वर्ग भरे, तिथं ती हेमलताबाईंसमोर येऊन बसली. हेमलताबाईंनी सत्तावीस वर्षं तो वर्ग चालवला, एक पैसा न घेता. आज विद्यार्थिनी प्रश्न विचारणार आणि बाई उत्तरं देणार होत्या.

"अहवाल वाचून दाखवते," अल्माझ सरकारी सुरात म्हणाली. "शब्दांमधले थांबे, वयाच्या मानानं सामान्य. नावं आठवणं, सामान्यहून थोडं कमी. असंबद्ध उच्चार, रोज सरासरी बावन्न मिनिटं. बहुतेक सकाळी सात ते आठ. रविवारी दुपारी एक ते तीन त्याचं प्रमाण सर्वांत जास्त."

"असंबद्ध?" हेमलताबाई म्हणाल्या. "मी कधी असंबद्ध बोलते?"

उदयनचा चेहरा उतरला. सात ते आठ आई चहा पिते आणि बाबांच्या फोटोशी बोलते. रविवारी एक ते तीन तो स्वतः इथं जेवायला येतो. आई मराठीत बोलते, तो इंग्रजीत उत्तरं देतो. तीस वर्षं असंच चाललेलं.

"ती मराठी बोलते," तो म्हणाला. "ते असंबद्ध नाही, ती भाषा आहे."

"यंत्राला दोनच भाषा येतात. इंग्रजी आणि फ्रेंच."

"मग लिहा तसं!"

अल्माझनं पडदा वर-खाली सरकवला. "अशा हरकतीला रकाना नाही."

"दुभाषी मागते मी," हेमलताबाई ताठ बसून म्हणाल्या. "चौकशीत दुभाषी मिळण्याचा हक्क आहे. हक्कांच्या सनदेचं चौदावं कलम. मीच तुला शिकवलंय."

"हो, मिसेस टिप्. पण हा कायदा 'तरीही' म्हणून केलेला आहे." अल्माझनं ते वाचून दाखवलं. "कलम सात, कलम चौदा आणि कलम पंधरा यांत काहीही असले, तरीही."

हेमलताबाईंनी बोटांवर मोजलं. जगण्याचं स्वातंत्र्य, दुभाषी, आणि वयावरून भेदभाव न होणं. वर्गात दोरीला लावायच्या त्या हक्कांच्या तिन्ही चिठ्ठ्या एका शब्दानं काढून ठेवलेल्या. कोर्टात जाऊन उपयोग नव्हता. ज्या कायद्यात सरकार उघडपणे 'तरीही' लिहितं, तो या कलमांखाली न्यायाधीश पाच वर्षं रद्द करू शकत नाही. तीन वर्षं झाली होती, दोन बाकी होती. चौऱ्याऐंशीव्या वर्षी दोन वर्षं म्हणजे किती, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

"आई," उदयन हळू आवाजात म्हणाला, "मराठीचं सोड. फेब्रुवारीत काय झालं?"

फेब्रुवारीत त्या शेगडी चालू ठेवून, चपला घालून, बर्फातून गिरणीच्या फाटकापर्यंत गेल्या होत्या. मनोहररावांची पाळी सुटायची वेळ झाली म्हणून. गिरणी बंद होऊन सोळा वर्षं झाली होती आणि मनोहररावांना जाऊन तीन. फाटकापाशी पोचल्यावर त्यांना आपोआप सगळं आठवलं आणि त्या परत आल्या. पण पाय निळे पडले होते.

"ते खरं आहे," त्या अखेर म्हणाल्या. "मी विसरते. कधीकधी. पण त्याचं काय करायचं ते मला ठरवू दे ना रे."

"आणि पुढच्या वेळी परत आली नाहीस तर? मी दुकानात औषधं मोजत बसणार आणि तू बर्फात सापडणार?"

अल्माझनं खोकल्यासारखं केलं आणि पुढं वाचायला लागली. हुकूम झाल्यावर काय काय जातं त्याची यादी होती ती. घर, प्रवास, औषधोपचार, टपाल. शेवटच्या ओळीला ती थांबली.

"मतदानाचा हक्क अबाधित राहील." तिनं वर पाहिलं. "ही चिठ्ठी शिवलेली होती ना, मिसेस टिप्? तसलीच एक मी ओढत होते त्या दिवशी, माझं नख तुटलं होतं. ती दोरी आहे अजून?"

"दोरी? असेल. खाली ट्रंकेत."

"बरं." अल्माझ उठली. "चौकशी संपली. नऊ वाजून एकेचाळीस मिनिटं." दाराशी तिनं हेमलताबाईंचा हात हातात घेतला आणि जरा जास्तच वेळ धरून ठेवला.

उदयन दुकानात गेला. "बाराला येतो," तो म्हणाला. "आपण एकत्र जेवू, मग निघू. तू काही भरू नकोस, मी भरतो." त्यानं आईच्या खांद्यावरची शाल सारखी केली. गेली दोन वर्षं तो असाच, खांद्यावरचं काहीतरी सारखं करून निघत असे.

घर रिकामं झालं. हेमलताबाई खुर्चीत बसून राहिल्या. ही पोरगी दोरीचं का बोलली?

ती दोरी म्हणजे कपडे वाळत घालायची साधी दोरी. वर्गात त्या ती एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत बांधत. परीक्षेचं पुस्तक पाठ करून घेणं त्यांना कधी पटलं नाही. राज्यघटना म्हणजे काय, हे माणसाला डोळ्यांनी दिसलं पाहिजे. दोरीच्या मधोमध त्या फडकं बांधत. फडक्याच्या एका बाजूला केंद्र: सैन्य, नाणी, टपाल, फौजदारी कायदा. दुसऱ्या बाजूला प्रांत: शाळा, इस्पितळं, घरदार. "एकानं दुसऱ्याच्या बाजूला कपडे घालायचे नाहीत," त्या सांगत. "प्रांताचा कायदा प्रांताच्या हद्दीपुरता. त्यापलीकडं त्याला कुणी विचारत नाही. भांडण झालंच, तर न्यायाधीश सोडवणार." मग दुसरी दोरी, हक्कांची. तिच्यावर चिमट्यांनी लावलेल्या चिठ्ठ्या. एकाला उभं करून म्हणायचं, चल, आज तू प्रीमियर, प्रांताचा मुख्यमंत्री. 'तरीही' म्हण आणि चिठ्ठी काढ.

प्रीमियरला फार मजा वाटे. चिमटे पटापट निघत. वर्ग ओरडत असे, अरे, हे काय, असं कसं चालेल! मग त्या समजावत. एकोणीसशे एक्क्याऐंशी साली बरेच प्रांत सनदेला तयारच होईनात. सगळंच न्यायाधीशांच्या हातात द्यायचं, मग आम्ही निवडून कशाला आलो, म्हणाले. तेव्हा तडजोड म्हणून हे कलम घातलं. पण उघड म्हणावं लागतं, कायद्यात लिहावं लागतं, आणि पाच वर्षांत ते आपोआप गळून पडतं, कारण तेवढ्यात एकदा निवडणूक होतेच. इतकं होईपर्यंत प्रीमियरचा हात एखाद्या अशा चिठ्ठीवर जाई, की ती निघतच नसे. ओढ, ओढ, वर्ग हसत सुटे. ती दोरीला शिवलेली असे. लाल दोऱ्यानं. 'तरीही' म्हणूनसुद्धा निघणार नाहीत अशा चिठ्ठ्या होत्या. चार.

चार होत्या. एक मतदान.

आणि?

हेमलताबाईंनी डोळे मिटले. मतदान. मग दुसरी... अक्षर दिसत होतं, मनोहररावांचं ठसठशीत अक्षर, कारण चिठ्ठ्या त्यांनी लिहिल्या होत्या. पण काय लिहिलं होतं, ते दिसत नव्हतं. सत्तावीस वर्षं, दर शनिवारी. यंत्राचं म्हणणं खरंच असेल तर? या थांब्याची लांबी आता कुठंतरी मोजली जात असेल.

घड्याळात सव्वादहा झाले होते.

तळघराचा जिना उभा होता आणि उदयननं त्यांना त्यावर जायची बंदी केली होती. त्या उलट्या तोंडानं, एकेका पायरीवर बसत उतरल्या. चौथ्या पायरीवर चप्पल सुटून खाली गेली. तिच्यामागं जाणार होत्या त्या, पण कठडा हातात आला. ट्रंकेचं झाकण उघडलं तसा डांबराच्या गोळ्यांचा वास आला. वर मनोहररावांचा रेनकोट होता.

तो त्यांनी बाजूला ठेवला नाही. मांडीवरच घेतला.

एकोणीसशे ब्याऐंशीचा एप्रिल. तेव्हा मनोहरराव राजधानीजवळच्या गिरणीत होते. पार्लमेंटसमोर मांडव, लंडनहून राणी घटनेवर सही करायला आलेली, आणि हा एवढा पाऊस. हेमलताबाईंना सहावा महिना. मनोहररावांनी स्वतःचा रेनकोट त्यांच्या पोटावर धरला होता आणि स्वतः भिजत होते. "अहो, पुरे झालं, मला जायला हवंय," त्या तिसऱ्यांदा म्हणाल्या होत्या. "थांब गं जरा. आजपर्यंत या लोकांना स्वतःची घटना बदलायची तर लंडनच्या पार्लमेंटकडं जावं लागायचं. आजपासून ती यांच्या घरात आली. पोटातल्याला सांग, तू हजर होतास म्हणून." त्या कागदावर पावसाचे थेंब पडले, शाई पसरली, आणि तो डागाळलेलाच कागद पुढं जपून ठेवला गेला. हेमलताबाईंना त्या दिवसातलं सगळ्यात जास्त काय आठवत असेल, तर पायाला झोंबणारा चिखल आणि संडासापुढची रांग.

रेनकोटाखाली दोरी होती, नीट गुंडाळलेली. चिमट्यांच्या चिठ्ठ्या वेगळ्या पिशवीत. दोरीला लाल दोऱ्यानं शिवलेल्या चारच.

मतदान.

दोन भाषा.

बाई-पुरुष समान.

आणि चौथी, जराशी फाटलेली, कडेला वाळलेल्या रक्ताचा तपकिरी ठिपका असलेली, अल्माझचं नख तुटलं ती: देशात कुठल्याही प्रांतात जाऊन राहणं.

हेमलताबाई तळघरातल्या थंड फरशीवर बसल्या आणि मोठ्यानं हसल्या. पोरीनं रेकॉर्ड चालू असताना, सरकारी यादी वाचताना, बाईंना उत्तर सांगितलं होतं.

नदी घरापासून दीड किलोमीटर. नदीवर पूल, पुलापलीकडं दुसरा प्रांत. तिथं हा आकडा कुणी विचारत नाही. जाऊ नको म्हणायला सहाव्या कलमावर, म्हणजे या चौथ्या चिठ्ठीवर, 'तरीही' लिहिता येत नाही, आणि म्हणूनच कायद्यात कुठंही जायची बंदी नव्हती. कायदा लिहिणाऱ्यांनी त्याबद्दल मौन पाळलं होतं. मात्र बारानंतर हेमलताबाईंनी कुठं राहायचं हे दुसरं कुणी ठरवणार होतं. जायचं तर त्याआधी, स्वतःच्या पायांनी, आणि तिथं राहायच्या इराद्यानं.

अकराला दहा कमी असताना त्यांनी पुलापलीकडच्या मिशेलीनला फोन लावला. तिचा नवरा आणि मनोहरराव एकाच यंत्रावर वीस वर्षं होते. हेमलताबाईंच्या फ्रेंचला तेव्हापासून गिरणीचा वास होता.

"तुझ्या वरच्या खोलीत कोण आहे?"

"दोन मांजरं. का?"

"मी आज राहायला येते. कायमची."

"लोणचं आणतेस ना?" मिशेलीन म्हणाली.

त्यांनी एका कागदावर तारीख घालून लिहिलं: मी, हेमलता मनोहर टिपणीस, आजपासून माझा राहण्याचा प्रांत बदलत आहे. त्याचा फोटो अल्माझच्या कार्यालयाला पाठवला. अकरा वाजून चार मिनिटांनी उत्तर आलं. एकच शब्द: मिळालं.

मग गाडी मागवली. गावात आता बिनचालकाच्या गाड्याच होत्या. फोनवरचा आवाज गोड होता. "आपल्या आकड्यामुळे आपल्या प्रतिनिधीला विचारत आहोत. त्यांची संमती मिळताच गाडी निघेल."

"विचारू नकोस!" त्या ओरडल्या, पण विचारून झालं होतं.

म्हणजे उदयनला कळलं. दुकानातून पुलापर्यंत गाडीनं सात मिनिटं. हेमलताबाईंनी लोणच्याची बरणी, औषधं, फोटो आणि दोरी पिशवीत घातली, रेनकोट अंगावर चढवला आणि शेगडी बंद आहे का, हे दोनदा जाऊन पाहिलं. मग निघाल्या.

एप्रिलचा शेवट असला तरी रस्त्याकडेला काळपट बर्फ होता. टेकडी उतरताना गुडघा दुखायला लागला. गिरणीच्या फाटकापाशी त्या क्षणभर थांबल्या. पाळी सुटायची वेळ... नाही. नाही. पूल. आपण पुलाकडं चाललोय. त्यांनी पिशवीत हात घालून दोरीवरची चौथी चिठ्ठी बोटांनी चाचपली आणि पुढं चालायला लागल्या.

पुलावर वारा बेफाम होता. खाली बर्फाचे तुकडे एकमेकांवर आपटत समुद्राकडं निघाले होते. पूल पाऊण किलोमीटर लांब, आणि मध्याच्या थोडं पुढं, पदपथात बसवलेली पितळेची पट्टी: प्रांताची हद्द. ती अजून दूर असतानाच मागं गाडीचं दार आपटलं.

"आई!"

त्या थांबल्या नाहीत. उदयन धावत आला आणि पुढं उभा राहिला. त्याला धाप लागली होती. बारा वाजायला अकरा मिनिटं होती.

"दुकान मधेच टाकून गाव पालथं घातलं मी. घरी गेलो, तू नाहीस. मग गिरणीच्या फाटकापाशी गेलो आधी. माहितीये?"

"तिथं मी थांबले होते. मग निघाले."

"गाडीत बस. बोलू आपण."

"बारापर्यंत बोलत बसशील."

त्यानं मागं गाडीकडं पाहिलं, म्हणजे तेच त्याच्या मनात होतं. अकरा मिनिटं आईला बोलण्यात गुंतवायचं, एवढंच. बाकीचं कायदा करणार होता.

"मिशेलीन एक्क्याऐंशी वर्षांची आहे," तो म्हणाला. "तिचा कंबरेचा सांधा मोडलाय. तुम्ही दोघी एकमेकींना काय सांभाळणार? तुला काही झालं तर?"

"होईल कदाचित."

"आई, मला भीती वाटते गं. रोज रात्री वाटते."

"मलाही वाटते, उदू." त्यांनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "त्या फाटकापाशी उभी होते ना मघाशी, तेव्हा घाबरले होते. मी कुठं चाललेय तेच जरा वेळ कळेना. तो आकडा सगळाच खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण त्यात माझं तुझ्या बाबांशी बोलणं वजा धरलंय. रविवारी तुझ्याशी बोलते, तेही. मला मोजायचं तर सगळं मोजा. आणि सगळं मोजून मी उणी भरले, तरी मला विचारा."

"मी विचारलं असतं."

"मग विचार ना. बारा वाजायचेत अजून."

उदयननं नदीकडं पाहिलं. त्याच्या कोटाच्या खिशात फोन थरथरला, अंगठ्याची आठवण करून द्यायला. तो आईच्या वाटेतच उभा होता, दोन्ही हात किंचित पसरून, लहानपणी आंधळ्या कोशिंबिरीत उभा राहायचा तसा. हेमलताबाईंनी ठरवलं, आता ढकलायचं नाही आणि विनवायचंही नाही. चालायचं. त्या त्याच्या उजव्या बाजूनं निघाल्या. त्याचा हात त्यांच्या रेनकोटाला लागला, बाही क्षणभर त्याच्या मुठीत आली. बापाचा रेनकोट. मूठ सुटली.

तो मागून येत राहिला. पितळी पट्टीपाशी त्या थांबल्या आणि त्यांनी दोन्ही कानांतली यंत्रं काढली. वारा, बर्फ, गाड्या, सगळं एकदम बंद झालं. त्यांनी ती उदयनच्या तळहातावर ठेवली आणि त्याची बोटं मिटली.

"ही प्रांताची आहेत," त्या म्हणाल्या. स्वतःचा आवाज त्यांना फक्त छातीत जाणवला. "प्रांतातच राहू देत."

आणि त्या पट्टी ओलांडून गेल्या.

आठ पावलं. दहा. मागं पाहायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. गावाच्या टाऊन हॉलमध्ये बाराचे ठोके पडत असतील, ते ऐकू आले नाहीत. अकराव्या की बाराव्या पावलाला हातातली पिशवी हलकी झाली. त्यांनी घट्ट धरली, मग मान वळवली. उदयन शेजारी होता. पिशवीचा दुसरा बंद त्याच्या हातात होता, आणि तो काहीतरी बोलत होता.

शब्द ऐकू येत नव्हते. त्या त्याच्या तोंडाकडं बघत राहिल्या. हे तोंड त्यांनी बोलायला शिकताना पाहिलं होतं, आणि आता ते इंग्रजीचे आकार करत नव्हतं. ओठ जरा अडखळत होते, जुन्या कुलपात किल्ली फिरवावी तसे. सावकाश. वारा आहे. माझा हात धर.

त्याच्या दुसऱ्या मुठीतली यंत्रं अजून चालू होती. त्यांनी ते सगळं ऐकलं आणि हेमलता टिपणीसांच्या नावावर नोंदवलं: असंबद्ध उच्चार, सहा सेकंद.

हेमलताबाईंनी हात धरला. पुलाच्या पलीकडच्या टोकाला मिशेलीन कुबडी टेकून उभी होती, आणि तिच्यामागं चर्चचं घड्याळ दिसत होतं. त्या प्रांताची वेळ या प्रांताच्या एक तास मागं चालते, हे चाळीस वर्षं माहीत असूनही त्या विसरल्या होत्या.

तिकडं अजून अकराच वाजले होते.